परदेशी मुलांना इंग्लिशच्या कुठल्या बॅचला बसवायचं? पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या शिक्षकांसाठी

नेरूळ, बेलापूर, खारघर ते पार पनवेलपर्यंत आता इतकी कॉलेजं आणि खाजगी युनिव्हर्सिट्या झाल्यात की परदेशातून शिकायला आलेली मुलं हार्बरच्या गाडीत सहज दिसतात. नेपाळची तर असतातच, भारतात शिकायला येणाऱ्यांत सगळ्यात जास्त तीच, पण अफगाणिस्तान, येमेन, सुदान, टांझानिया, नायजेरिया, भूतान अशी कुठून कुठून येतात. डिग्रीचे तास सगळे इंग्लिशमध्ये, म्हणून पहिल्या सेमिस्टरला त्यांच्यासाठी इंग्लिशचा सपोर्ट कोर्स ठेवतात, आणि कोणाला कुठल्या बॅचला बसवायचं हे काम बऱ्याचदा डिपार्टमेंटला नुकत्याच जॉइन झालेल्या मॅडमच्या नाहीतर सरांच्या वाट्याला येतं, तेही ऐन ॲडमिशनच्या धामधुमीत. मी हे काम बरीच वर्षं करतेय, म्हणून नव्याने करणाऱ्यांसाठी सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. इथं कोणाला पास-नापास करायचं नाहीये. हे मूल पुढचे तीन-चार महिने कुठल्या वर्गात बसलं तर त्याच्या पदरात रोज काहीतरी नवीन पडेल, एवढंच शोधायचंय. टेस्ट, मार्क, इंटरव्ह्यू हे सगळं त्यासाठी.

आधी टाइमटेबल, टेस्ट नंतर

नवीन माणूस पहिल्यांदा टेस्ट शोधायला लागतो. ते राहू दे. पहिल्या दिवशी टाइमटेबल बनवणाऱ्या सरांकडे जा आणि सांगा की इंग्लिशच्या सगळ्या लेव्हलच्या बॅच एकाच स्लॉटला लावा, म्हणजे मंगळवारी आणि गुरुवारी ११ ते १ ह्या वेळात तीन वर्गखोल्यांत तीन बॅच, असं. कारण टेस्ट कितीही चांगली घेतली तरी दर वर्षी काही मुलं चुकीच्या बॅचला जातातच आणि त्यांना हलवावं लागतं, आणि एक बॅच सकाळी आणि दुसरी दुपारी असली की हलवायला गेलात तर त्याचं प्रॅक्टिकल आडवं येतं, मग सगळे म्हणतात जाऊ दे, आता बसू दे तिथंच, आणि त्या मुलाचं सेमिस्टर वाया जातं. एक स्लॉट मिळाला म्हणजे अर्धी लढाई जिंकली. वर्गखोल्या कमी आहेत असं उत्तर मिळेल, तरी चिकाटी सोडू नका, लेक्चर हॉलमधले शेवटचे दोन तास मागा, शनिवार मागा, पण स्लॉट एकच मागा.

दुसरं, प्रत्येक बॅचमध्ये बसणाऱ्याला आज काय जमतं आणि सेमिस्टरच्या शेवटी काय जमायला हवं, हे तीन-चार साध्या वाक्यांत लिहा. इथं कौन्सिल ऑफ युरोपची सीईएफआर चौकट कामाला येते. २००१ साली ती छापून आली आणि ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्यांत माणसाला भाषेत काय करता येतं ते सांगते. बी१ वाला ओळखीच्या विषयावर साधा, सलग मजकूर लिहू शकतो, बी२ वाला अवघड लेखातला मुख्य मुद्दा पकडतो आणि समोरच्याशी फार न अडखळता बोलतो, अशी ती वाक्यं असतात. ती तशीच्या तशी उचलू नका, आपल्या कॉलेजच्या भाषेत उतरवा. 'फिजिक्सच्या लेक्चरच्या नोट्स काढता येतात', 'प्रॅक्टिकलची जर्नल स्वतःची स्वतः लिहिता येते', असं.

आणि प्रिन्सिपॉल मॅडमना एक हिशोब नक्की दाखवा. इंग्लिशच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजाप्रमाणे शून्यापासून बी१ पर्यंत यायला शिक्षकाबरोबरचे साधारण ३५० ते ४०० तास लागतात आणि बी२ पर्यंत ५०० ते ६००. आपल्याकडे आठवड्याला ४ तास धरले तर १५ आठवड्यांत ६० तास होतात. म्हणजे एका सेमिस्टरमध्ये कोणी एक अख्खी पायरी चढणार नाही. म्हणूनच बॅच जितकी एकसारखी तितकं बरं, कारण ६० तासांत पाव-अर्धी पायरी चढवायची असेल तर अर्धा वर्ग कंटाळलेला आणि अर्धा घाबरलेला, हे परवडत नाही.

सोबत आणलेले स्कोअर

काही मुलं आयईएलटीएस, टोफेल, पीटीई नाहीतर ड्युओलिंगो ह्या इंग्लिशच्या परीक्षांचा स्कोअर घेऊन येतात. पहिल्यांदा तारीख बघा, आयईएलटीएस आणि टोफेलचा स्कोअर दोनच वर्षं धरतात. मग एकूण आकडा बाजूला ठेवून चारही विभाग बघा. एकाचा ओव्हरऑल ६.५ आहे, आतमध्ये लिसनिंग ८, रीडिंग ६.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६. दुसऱ्याचाही ओव्हरऑल ६.५, पण चारही विभागांत ६.५. कागदावर दोघं सारखे, प्रत्यक्षात पहिल्याला लिहायला शिकवणारा वर्ग हवाय आणि दुसऱ्याला बहुतेक सपोर्ट कोर्सची फारशी गरजच नाही. ढोबळ मानाने आयईएलटीएस ४ ते ५ म्हणजे बी१, ५.५ ते ६.५ म्हणजे बी२, ७ ते ८ म्हणजे सी१, एवढं पाठ असू द्या.

बऱ्याच मुलांकडे मात्र स्कोअर नसतोच, शाळा इंग्लिश मीडियमची होती असं एक सर्टिफिकेट असतं. ते खोटं नसतं, पण त्याचा अर्थ देशागणिक बदलतो. भूतानमध्ये शाळा लहानपणापासून इंग्लिशमधून असते. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्लिशमध्ये. इथिओपियात साधारण नववीपासून इंग्लिश. रवांडाने २००८ मध्ये शिक्षणाची भाषा फ्रेंचवरून इंग्लिशवर नेली. सुदानमध्ये अरबी आणि शेजारच्या दक्षिण सुदानमध्ये सरकारी भाषा इंग्लिश, नावं इतकी सारखी की ऑफिसमधून येणाऱ्या यादीत दोन्हीखाली नुसतं 'सुदान' लिहिलेलं असू शकतं. म्हणून फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: कुठल्या इयत्तेपासून कुठले विषय कुठल्या भाषेत शिकलात. ह्या एका रकान्यातून जे कळतं ते पासपोर्टवरून कधीच कळणार नाही. आणि देश बघून बॅच ठरवायची नाही, हे लिहून भिंतीवर लावा. काबूलमध्ये खाजगी क्लासला जाऊन फाडफाड बोलणारी मुलगी येते आणि लागोसहून आलेला मुलगा लिहिताना अडतो, दोन्ही होतं.

टेस्टचा दिवस

सगळं एका दिवसात बसवता येतं. वाचन-व्याकरणाला ३० मिनिटं, ऐकण्याला २०, लिहिण्याला ४०, आणि नंतर प्रत्येकाशी ६-७ मिनिटं बोलणं.

पहिल्या भागासाठी नुसते पर्यायवाले प्रश्न देऊ नका, टिक करून चारातला एक बरोबर येतोच. सी-टेस्ट वापरून बघा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत तयार झालेला प्रकार आहे. छोटे छोटे चार-पाच उतारे घ्यायचे, पहिलं वाक्य पूर्ण ठेवायचं आणि दुसऱ्या वाक्यापासून एक सोडून एक शब्दाचा मागचा अर्धा भाग खोडायचा. मुलाने तो भरायचा. एका उताऱ्यात २० ते २५ गाळलेल्या जागा. बनवायला एक संध्याकाळ पुरते, तपासायला पेपरमागे पाच मिनिटं, आणि मुलांना पायरीपायरीने वेगळं करायला खरंच चांगली. एकच त्रुटी: स्पेलिंग कच्चं असलेल्याला ही टेस्ट फार खाली ढकलते, आणि अरबी शिकून आलेल्या मुलांचं नेमकं तेच होतं. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत, त्यामुळे इंग्लिश शब्दांतलेही स्वर गळतात, शिवाय अरबीत कॅपिटल अक्षरं नसल्यामुळे तीही राहून जातात. हा पेपर बघून 'ह्याला काहीच येत नाही' असं म्हणू नका, हाच मुलगा बोलायला लागला की तुम्ही बघत राहता.

ऐकण्याच्या भागाबद्दल माझं मत ठाम आहे. ब्रिटिश आवाजातली तयार रेकॉर्डिंग एक ठेवा हवी तर, पण मुख्य भाग आपल्याच कॉलेजमधल्या शिक्षकाचा असू द्या. इकॉनॉमिक्सच्या नाहीतर बायोच्या सरांना सांगून त्यांच्या खऱ्या लेक्चरची चार मिनिटं रेकॉर्ड करा आणि त्यावर सहा-सात प्रश्न काढा. कारण ह्या मुलाला वर्षभर लंडनची बातमीदार ऐकायची नाहीये, आपल्या सरांचं भरभर बोललेलं, मध्येच 'समझ में आया क्या' आलेलं इंग्लिश ऐकायचंय. टोफेलमध्ये लिसनिंगला चांगले मार्क मिळवलेली मुलं पहिल्या आठवड्यात वर्गात पार गोंधळलेली दिसतात त्याचं कारण हेच.

आदल्या दिवशी त्याच खोलीत जाऊन स्पीकर लावून शेवटच्या बाकावर बसून ऐका. पंखे फुल स्पीडवर, खिडकीबाहेर पाऊस आणि सायन-पनवेल हायवेचे ट्रक, असं सगळं चालू ठेवून ऐका, नाहीतर मागच्या बाकावरची मुलं उगाच एक लेव्हल खाली जातात. ऑगस्टमध्ये घेत असाल तर संध्याकाळी घेऊच नका, गणपतीच्या आधी आसपासच्या मैदानात ढोल-ताशाची प्रॅक्टिस असते. आणि पावसाने गाड्या बंद पडल्या तर काय, म्हणून एक राखीव तारीख आधीच जाहीर करून ठेवा.

लिहिण्याला दोन प्रश्न पुरतात. एक कामाचा, जसं की 'रजिस्ट्रेशनच्या कामामुळे उद्या लेक्चरला येता येणार नाही, सरांना ईमेल लिहा', आणि दुसरा दीडशे शब्दांत स्वतःचं मत मांडण्याचा. विषय सगळ्यांना जवळचा हवा, क्रिकेट किंवा दिवाळी नको. फोन बाहेर, कागदावर पेनाने. वेळ ४० मिनिटंच ठेवा, कमी करू नका, उजवीकडून डावीकडे लिहायची सवय असलेल्यांचा हात रोमन लिपीत हळू चालतो.

पेपर तपासताना

इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. दोन उत्तरं बघा, मी बनवलेली आहेत पण असली उत्तरं दर वर्षी येतात.

पहिलं: 'आय केम टू इंडिया लास्ट मंथ. द फूड इज गुड. माय रूम इज स्मॉल. आय लाइक माय कॉलेज. माय टीचर्स आर गुड.'

दुसरं: 'व्हेन आय हॅव अराइव्ह्ड टू नवी मुंबई आय थॉट द रेन विल नॉट नेव्हर स्टॉप, बट नाऊ आय ॲम यूज टू इट, सो इव्हन आय वॉक विदाउट अंब्रेला टू स्टेशन.'

लाल पेन घेऊन बसलेला नवीन शिक्षक पहिल्यात चूक एकही नाही म्हणून त्याला वर टाकतो आणि दुसऱ्यात पाच-सहा गोल करून त्याला खाली पाठवतो. बरोबर उलटं करायला हवं. पहिला मुलगा जेवढं पक्कं येतं तेवढंच लिहून थांबलाय, पाचही वाक्यं सुटी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दुसऱ्याने 'तेव्हा असं वाटलं, पण आता असं आहे, त्यामुळे मी असं करतो' एवढं सगळं एका वाक्यात गुंफलंय, त्याला विचार जोडता येतात, तो चुका करतोय कारण अवघड काहीतरी करायला जातोय. तो निदान एक पायरी वर आहे. चुका मोजू नका. वाक्यं जोडली आहेत का, एकाच विचाराला दोन-तीन तऱ्हांनी सांगता येतंय का, वाचणाऱ्याला परत मागे जावं न लागता कळतंय का, हे बघा. स्पेलिंगला सगळ्यात शेवटी हात लावा.

तपासायच्या आधी सगळ्या तपासणाऱ्यांनी एकत्र बसून तेच पाच-सहा पेपर वाचायचे आणि मोठ्याने बोलायचं की हा मी बी१ का म्हणते आणि तुम्ही ए२ का म्हणता. हा एक तास वाचवू नका, प्लीज. मग प्रत्येक पेपर दोघांनी वेगवेगळा तपासायचा, दुसऱ्याने पहिल्याचे मार्क न बघता. एका पायरीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्याकडे.

सात मिनिटं समोरासमोर

६० मुलं असतील तर सात मिनिटांनी ४२० मिनिटं होतात, म्हणजे ७ तास. तीन जोड्या बसवल्या तर अडीच तासांच्या आत संपतं. जोडी म्हणजे एक बोलणारा आणि एक लिहून घेणारा, एकाच माणसाने दोन्ही करू नये, कारण खाली बघून लिहायला लागलात की समोरचं मूल गप्प होतं.

प्रश्न पायरीने चढवत न्या. नाव, कुठं राहता, आज कसे आलात, हे फक्त सैल करायला, ह्याला मार्क नाहीत. मग भूतकाळ: इथं आलात त्या दिवशी काय काय झालं ते सांगा. मग तुलना: तुमच्याकडची शाळा आणि इथलं कॉलेज ह्यात काय फरक वाटला. मग कल्पना: तुमच्या हातात असतं तर नवीन येणाऱ्या परदेशी मुलांसाठी इथं काय बदललं असतं. मूल दोनदा अडकलं की चढणं थांबवा, एक सोपा प्रश्न विचारून हसतमुखाने बाहेर पाठवा. घरच्यांबद्दल विचारू नका. अफगाणिस्तान, येमेन, सुदानमधून आलेल्या मुलाला 'टेल मी अबाउट युअर फॅमिली' हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो, त्याला त्या क्षणी काय आठवेल ह्याची आपल्याला कल्पना नसते, आणि त्यानंतर त्याची जी शांतता असते तिला आपण कमी मार्क देऊन मोकळे होतो.

आपल्या कानाला सवय नसलेला उच्चार म्हणजे कच्चं इंग्लिश नाही. नायजेरिया, घाना, केनिया, झिंबाब्वे इथल्या कितीतरी मुलांचं सगळं शिक्षण इंग्लिशमध्ये झालेलं असतं, त्यांची लय वेगळी असते एवढंच, आणि आपलं इंग्लिश त्यांना तितकंच वेगळं वाटतं. 'पार्क'चं 'बार्क' करणारा अरबी मुलगा, 'स्टेशन'चं 'इस्टेशन' करणारा काबूलचा मुलगा, बोलताना 'ही' आणि 'शी'ची अदलाबदल करणारी फारसी नाहीतर स्वाहिली बोलणारी मुलगी, ह्या सगळ्या त्यांच्या पहिल्या भाषेतून आलेल्या सवयी आहेत, त्यावरून लेव्हल ठरत नाही.

आणि जो बोलतच नाही त्याला घाईने खाली टाकू नका. आपल्याकडचा मराठी मीडियमचा हुशार मुलगा आठवा, एफवायला इंग्लिशची जाड पुस्तकं वाचून समजतात आणि उभं केलं की तोंडातून शब्द फुटत नाही. तसंच ह्यांचं. त्याचा लिहिलेला पेपर समोर ठेवून त्यावरच दोन प्रश्न विचारा, बहुतेक वेळा खुलतो.

आता बसवायचं

एका एक्सेल शीटमध्ये प्रत्येकाचे चार रकाने वेगवेगळे ठेवा: सी-टेस्ट, ऐकणं, लिहिणं, बोलणं. बेरीज करून एकाच आकड्यावर रांग लावू नका. मी आधी लिहिण्याच्या पायरीने सगळ्यांचे ढीग करते, कारण डिग्रीची परीक्षा शेवटी लिहूनच द्यायची असते आणि मागे पडणारी मुलं तिथंच पडतात. मग ज्यांचं बोलणं-ऐकणं लिहिण्यापेक्षा बरंच वर किंवा खाली आहे त्यांची नावं रंगवून बाजूला काढते आणि त्यांच्यावर दोघी-तिघी मिळून बोलतो. बाकीचे आपोआप बसतात.

सीमेवरच्या मुलांचं काय? चारही बाजूंनी मधोमध असेल तर मी खालच्या बॅचला बसवते आणि त्याला सांगते की दोन आठवड्यांत परत बघणार आहोत. वरून खाली आणलेलं मूल मनातून खचतं, मित्रांना काय सांगू म्हणून तास बुडवायला लागतं, खालून वर गेलेलं मात्र उड्या मारत जातं. पण लिहिण्याच्या दुसऱ्या नमुन्यासारखं, चुका करत का होईना पुढं झेपावणारं असेल, तर त्याला वरच बसवा.

एकाच देशाची सगळी मुलं एका बॅचला येत असतील तर लेव्हल बिघडणार नाही इतपत वाटून टाका, नाहीतर वर्गात आपसांत त्यांचीच भाषा चालते.

यादी लावताना मार्क लावू नका, ना नोटीस बोर्डावर ना व्हॉट्सॲप ग्रुपवर. नाव, खोली, वेळ, शिक्षक, बस. बॅचना 'बेसिक', 'वीक' असली नावं नकोत, खोलीच्या नंबरावरून ओळखू द्या. आणि कोणी विचारायला आलं, मला इथं का टाकलं, तर त्याचा पेपर काढून शेजारी बसवून दाखवा. पाच मिनिटं लागतात आणि त्याचा विश्वास बसतो.

पहिले दोन आठवडे

पहिल्याच तासाला प्रत्येक बॅचमध्ये अर्धं पान लिहून घ्या आणि टेस्टच्या पेपरशेजारी ठेवून बघा. टेस्टच्या दिवशी कोणी आदल्या रात्रीच विमानातून उतरलेलं असतं, कोणाला ताप असतो, कोणाला टेस्टचा प्रकारच नवीन असतो. शिक्षकांना सांगा की दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाने 'जास्तच सोपं जातंय' आणि 'झेपत नाही' अशी नावं द्यायची. मुलांनाही विचारा, फक्त एकट्याला, वर्गात नाही. मग एकत्र बसून एका दिवसात सगळे बदल करून टाका, रोज एक-एक हलवत बसलात तर दर तासाला कोणीतरी नवीन येतं आणि शिकवणं राहतं बाजूला.

व्हिसा उशिरा मिळाला म्हणून महिन्याने येणारी मुलं असतातच. त्यांच्यासाठी वेगळे उतारे आणि वेगळे प्रश्न असलेला एक संच ऑफिसच्या कपाटात बंद ठेवा, पहिला संच तोवर सगळ्या हॉस्टेलला पाठ झालेला असतो. लिहिणं आणि बोलणं एवढंच घेतलं तरी चालतं, पण तपासणारे दोन हवेतच. तो येईल त्या दिवशी हॉस्टेल, बँक आणि एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी ऑफिस) रजिस्ट्रेशनच्या मागे धावत असतो, म्हणून टेस्ट दोन-तीन दिवसांनी ठेवा.

शीट जपून ठेवा, फक्त डिपार्टमेंटच्या लॉगिनमध्ये. कोणाला कुठून कुठं हलवलं आणि का, हे एका ओळीत लिहीत जा. सेमिस्टर संपल्यावर ती यादी वाचा. हलवलेल्यांतली बहुतेक मुलं सी-टेस्टमुळे खाली गेलेली निघाली तर पुढच्या जूनमध्ये उतारे बदला, इंटरव्ह्यूमुळे निघाली तर घेणाऱ्यांची जोडी बदला किंवा त्यांना परत एकत्र बसवून सराव करून घ्या.